पोळ्याला टाकीला घातलेला पाक

चिकलठाण्याला लेमनगोळ्यांच्या एका कारखान्यात गॅसची टाकी माझ्याकडे होती. भांडी धुतलेलं गोड पाणी, बिघडलेला पाक, सगळं त्या बंद टाकीत जायचं. आतले जिवाणू ते खाऊन गॅस करायचे आणि त्यावर आमचा बॉयलर चालायचा. कामगार टाकीला ‘जनावर’ म्हणत. बहुतेक सगळे शेतकऱ्यांच्या घरचे. पोळ्याला त्यांनी टाकीला गेरू लावला, हार घातला आणि बैलाला पुरणपोळी तसा हिला जादा पाक घाला म्हणून माझ्या मागे लागले. सणासुदीला नाही कशाला म्हणा, म्हणून मीच वॉल्व्ह उघडला.

एवढी साखर एकदम पोटात गेल्यावर व्हायचं तेच झालं. टाकी आंबली, गॅस पेटेना. चालू टाकीतल्या शेणकाल्याचं विरजण लावल्याशिवाय ती सुधारणार नव्हती. बिडकीनला काकूच्या दारात गोबरगॅस होता. मी सरळ टँकर घेऊनच गेलो. काकूनं का, कशाला, काही विचारलं नाही. मी तिचा खड्डा जवळजवळ कोरडा केला. जमीन कारखान्यांसाठी गेल्यापासून तिच्या दावणीला एकच गाय उरली होती. खड्डा पुन्हा कधी भरणार, हे निदान मला तरी सुचायला हवं होतं.

दिवाळीच्या आत आमची टाकी सावरली. साहेबांनी माझी पाठ थोपटली. आता त्यातलाच थोडा काला परत नेऊन टाकला असता, तर काकूचाही गॅस लवकर पेटला असता. पण त्यासाठी साहेबांना विचारायचं म्हणजे टाकी कशानं बिघडली तेही सांगावं लागणार. मी आज-उद्या करत राहिलो.

भाऊबिजेनंतर गोळ्यांचा डबा घेऊन बिडकीनला गेलो. काकू चुलीवर चहा करत होती. कपाशीच्या पऱ्हाट्या दमट होत्या, घरभर धूर. तिला दमा आहे. खोकत खोकतच तिनं माझ्या टाकीची चौकशी केली. चांगली चालते म्हणालो.

“तुझ्या टाकीतलं थोडं आणून टाकलं तर आमचं बी पेटंल, असं मी म्हणत होते,” ती म्हणाली. “पण तुझे काका म्हणले, मागू नको. पोराला सायबापुढं मान खाली घालावी लागंल.”

साहेबांना मी विचारलंच नव्हतं. चहा तसाच गरम गरम पिऊन मी उठलो.