एल्मीरचं नाक

आमच्या खाडीकाठच्या बायू ग्रीव गावात चक्रीवादळाची वर्दी हवामान खातं देत नसे, एल्मीर शेरामीचा टोप देत असे. खाडीत काही वाईट घाटत असलं की एल्मीर मागच्या पडवीतला डीप फ्रीझर रिकामा करायला घ्यायची. वीज जाणार, मासळी सडणार, तेव्हा ती रांधून, गल्लीला जेवू घालून मगच उत्तरेची वाट धरायची, ही आमच्याकडची जुनी रीत. करतात सगळेच, पण एल्मीरचं बघून करतात. तिच्या अंगणातल्या शेगडीवर तो अवाढव्य टोप चढला आणि कोळंबी, खेकडे, हरणाचं सॉसेज असं सगळं एकत्र रटरटायला लागलं, की बायका ताटल्या घेऊन यायच्या आणि पुरुष खिडक्यांवर फळ्या ठोकायला पळायचे. जेवणं उरकली की गाव मोकळं.

"माझ्या बायकोला वादळाचा वास येतो," तिचा नवरा क्लोव्हिस बारमध्ये बसून सांगायचा. "तुमच्या त्या खात्याला उपग्रह लागतात. मला बायकोचं नाक पुरतं."

एल्मीर यावर कधी काही बोलली नाही. अंगानं भरलेली, शांत बाई. दर शुक्रवारी माझ्या पार्लरमध्ये केस बसवून घ्यायला यायची आणि ड्रायरखाली डोळे मिटून बसायची. आम्हाला वाटायचं, बाई हवा हुंगतेय. मलाही वाटायचं, खोटं कशाला बोलू?

हवामान खात्यावर मात्र आमचा राग होता. ज्या वर्षाची ही गोष्ट, त्याच्या दोन वर्षं आधी त्यांनी उन्हाळ्याच्या तोंडावरच सांगितलं होतं की यंदा वादळंच वादळं. झालीही असतील कुठेतरी लांब समुद्रात. आमच्याकडे पानसुद्धा हललं नाही. पुरुषांनी ऐन कोळंबीच्या दिवसांत होड्या आत नेऊन बांधल्या, परत आणल्या, परत नेल्या. क्लोव्हिसनं त्या वर्षी ठणकावलं, "त्या खात्याचा आवाज माझ्या घरात नको." तेव्हापासून शेरामींच्या स्वयंपाकघरातला रेडिओ दिसेनासा झाला.

आणि मग ते वर्ष आलं. मे महिन्यात खात्यानं सांगितलं, यंदा नेहमीपेक्षा कमी वादळं. त्याच कागदावर खाली हेही छापलं होतं, की कुठल्या किनाऱ्यावर काय येईल ते आत्ता सांगता येत नाही आणि घात करायला एक वादळ पुरतं. पण खालच्या ओळींचे फलक कोण लावतो? आमच्या परगण्याचा अध्यक्ष नोलन बर्तेलो यानं वरची ओळ उचलली आणि हमरस्त्यावर स्वतःच्या फोटोसकट लावली: 'शांत मोसम, सुरक्षित परगणा.' जणू वादळं यानंच समजूत घालून परत पाठवली होती! शरद ऋतूत निवडणूक होती. बंधाऱ्याचं नवं दार अर्धवट बांधून पडलं होतं, तेही यानं पुढच्या वर्षावर ढकललं. मोसम शांत आहे, मग घाई कसली?

हा नोलन एल्मीरचा धर्मपुत्र. चर्चमध्ये याच्या डोक्यावर पाणी पडलं तेव्हा हा तिच्या मांडीवर होता. अजून तिला नानान, म्हणजे धर्ममाय, म्हणतो.

ऑगस्टच्या शेवटी आमचा कोळंबीचा उत्सव असतो. पाद्री होड्यांवर तीर्थ शिंपडतात, बँड वाजतो, माणसं धक्क्यावर खुर्च्या टाकून बसतात. त्या शनिवारी सकाळी बँड नुकता लागला होता, ऊन लख्ख होतं, आणि एल्मीरच्या अंगणातून वाफ वर आली.

मी धावत गेले. "मिस एल्मीर, आज? उत्सवाच्या दिवशी?"

"आजच," ती कोळंबीची पिशवी टोपात रिकामी करत म्हणाली. "ल्युसिल, दुकान बंद कर. गाडीत पेट्रोल आहे ना?"

धक्क्यावर खुर्च्या मिटायला लागल्या. बँडवाले एकमेकांकडे बघायला लागले. नोलन घामाघूम होऊन अंगणात आला.

"नानान, हे काय मांडलंय? माणसं पळायला लागली! अगं, वादळ आहे, पण ते पूर्वेला जाणारेय. आणि यंदा मोसम शांत आहे, खात्यानंच सांगितलंय."

"मोसम शांत असेल रे बाळा. हे वादळ शांत नाही."

"मग चल, तूच सांग सगळ्यांना. कशावरून म्हणतेस तेही सांग."

त्याचा डाव मला कळला होता. बाई स्टेजवर येऊन नाकाच्या गोष्टी सांगेल, हा गोड हसून तिला मिठी मारील, आणि लोक परत खुर्च्या उघडतील. एल्मीरनं हात पुसले, ॲप्रनसकट धक्क्यावरच्या स्टेजवर चढली. शेजारी पाद्री तीर्थाचं भांडं घेऊन उभे होते.

"आजच्या आज निघा," ती माइकमध्ये म्हणाली. "उद्या उजाडेपर्यंत पाणी इथं असेल."

कुणी हसलं नाही. पुढच्या रांगेतले लोक उठूनच उभे राहिले. मला वाटलं, जमलं.

"पण नानान," नोलननं विचारलं, "तुला कसं कळलं?"

एल्मीरनं एकदा पाद्रींकडे पाहिलं. मग म्हणाली, "रेडिओवर सांगितलं."

"कुठल्या रेडिओवर?"

"हवामान खात्याच्या. मी कोठीत तांदळाच्या डब्यामागे ठेवते आणि कानात इयरफोनचं बोंडूक घालून ऐकते. ऐकतेय मात्र पहिल्यापासून; आधी स्वयंपाकघरात, क्लोव्हिसनं नको म्हटल्यावर कोठीत. मला वासबीस काही येत नाही. नाकाचं तुम्हीच ठरवलंत. मला कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. निघत होतात ना वेळेवर, मग मला काय त्याचं? आज विचारलंत म्हणून सांगते. ज्यांना तुम्ही शिव्या देता, त्यांचं ऐकूनच मी दर वेळी टोप चढवला."

मी सुन्न झाले. पण खरा धक्का त्यानंतर बसला. मला वाटलं होतं, आता लोक शरमतील. इतकी वर्षं ज्याच्या जोरावर जीव वाचले ते खातंच होतं, आता तरी मान खाली घालून सामान बांधतील. उलटंच झालं! मागून कुणीतरी ओरडलं, "हात्तिच्या! खात्याची बातमी होय?" आणि हशा पिकला. उठलेली माणसं परत बसली. माझ्या डोळ्यांदेखत, एकेक करून, खुर्चीत टेकली. नोलननं माइक घेतला. "ज्या खात्यानं शांत मोसम सांगितला, त्याच खात्याचं हेही! माझ्या नानानसाठी टाळ्या! आणि तिच्या टोपातलं संपवल्याशिवाय कुणी जायचं नाही!" माणसं ताटल्या घेऊन तिच्या अंगणात गेली, पोटभर जेवली आणि परत बँड ऐकायला आली.

एक थाप मारली असती तर गाव वाचलं असतं. हे मला आजही पचत नाही.

क्लोव्हिस बारवाल्या मित्रांमध्ये बसला होता. सगळे त्याच्याकडे बघत होते. आधी त्याचा चेहरा पांढरा पडला, मग तोही हसला, सगळ्यांत मोठ्यानं. घरी आल्यावर मात्र हसू नव्हतं.

"चारचौघांत नाक कापलंस माझं," तो म्हणाला. "इतकी वर्षं मी मिरवत होतो, आणि तू त्यांचंच ऐकत होतीस."

"मला हव्या तेवढ्या शिव्या दे. पण गाडीत बसून दे."

"तू हो पुढे ल्युसिलबरोबर. मी होडी घेऊन कालव्यानं येतो."

दर वादळात तो असंच करायचा. ती माझ्या गाडीत, तो होडी घेऊन आतल्या बंदराला. म्हणून तिनं विश्वास ठेवला. टोप माझ्या डिकीत घातला आणि आम्ही निघालो. रस्ता रिकामा होता. दर वेळी याच रस्त्यावर गाडीला गाडी लागलेली असते. त्या रिकाम्या रस्त्याची मला भीती वाटली. एल्मीर अख्ख्या वाटेत मागे वळून बघत होती.

वादळ पूर्वेला गेलं नाही. उजाडताना पाणी बंधाऱ्याच्या अर्धवट दारातून आत आलं आणि धक्क्याच्या बाजूची सगळी गल्ली घेऊन गेलं. ज्यांनी आदल्या दिवशी एल्मीरच्या हातचं खाल्लं होतं, त्यांतल्या कित्येकांना आम्ही पुढच्या आठवड्यात पुरलं.

क्लोव्हिसनं होडी धक्क्यावरून सोडलीच नव्हती. तो कोठीत सापडला. रेडिओ शर्टाच्या आत घालून वरची बटणं लावली होती, आणि बोंडूक कानात होतं. एल्मीरनं स्वतःच्या हातानं ते काढलं. रडली नाही. "शेवटी ऐकलंस होय," एवढंच म्हणाली. मला मात्र तिथं उभं राहवेना.

यापुढे तरी लोकांना अक्कल आली असेल, असं तुम्हाला वाटेल. दफनानंतरच्या जेवणातच कुजबूज सुरू झाली. "बघा, आलं की नाही वादळ? बाईचं नाक खरंच होतं. धर्मपुत्राचा मान राखायला बिचारीनं रेडिओचं नाव पुढे केलं." मी संतापून ओरडले, "अरे, ती माइकवर बोलली! तुम्ही कानांनी ऐकलंत!" माझ्याकडे सगळे दयेनं बघत राहिले. नोलन काळा कोट घालून भाषण करत फिरला, की शांत मोसम सांगून खात्यानं आपल्याला दगा दिला. निवडून आला. दणक्यात.

परवा मे उजाडला. खात्यानं नव्या मोसमाचं भाकीत सांगितलं. त्या शुक्रवारी एल्मीर माझ्या पार्लरमध्ये ड्रायरखाली बसली होती. आता तिच्या ॲप्रनच्या खिशात तोच रेडिओ असतो. कोरडा करून, सेल बदलून चालू केलेला. उघड, मोठ्या आवाजात. दार उघडून थेल्मा आत आली. तिचा भाऊ त्या वादळात गेला.

"मिस एल्मीर, ते खातं काय वाट्टेल ते सांगू दे," ती तिच्या कानाशी वाकून म्हणाली. "तुमचं नाक काय म्हणतंय यंदा?"

एल्मीरनं खिशातून रेडिओ काढला आणि तिच्या हातात ठेवला. "हे घे माझं नाक. घरी ने. रोज ऐक."

थेल्मा खळखळून हसली. रेडिओ तिच्या मांडीवर परत ठेवत म्हणाली, "तुमची चेष्टा करायची सवय काही जात नाही!"

एल्मीरनं रेडिओचा आवाज आणखी वाढवला.

"क्लोव्हिसपण असाच हसला होता," ती म्हणाली.