शेवटच्या कुस्तीचा उजेड

नव्वदच्या दशकात मी जालन्यात औरंगाबादच्या एका दैनिकाचा जिल्हा वार्ताहर होतो. बातमी लिहायची आणि फोटोही आपणच काढायचा, अशी पद्धत होती. कॅमेरा माझा स्वतःचा होता. त्याला पन्नास मिलिमीटरची साधी लेन्स. सभा, उद्घाटने आणि अपघात यांना ती पुरे. खेळाला पुरत नसे. कबड्डीपटू नखाएवढे येत आणि कार्यालयातून फोटो परत येई तो ‘मैदान छान आले आहे’ अशा शेऱ्यासह.

एका वर्षी कार्यालयाने जिल्ह्यासाठी दूरचे जवळ ओढणारी एक टेलिफोटो झूम लेन्स मंजूर केली. एकच. निवड माझ्यावर सोपवली होती.

त्याच सुमारास वाटूर फाट्यावर बस बदलताना एका पैलवानाची गाठ पडली. त्याच्या कुस्त्यांच्या बातम्या मी आठ वर्षे दिल्या होत्या. वय पस्तिशीचे, उजवा गुडघा गेलेला. तीर्थपुरीच्या जत्रेत यंदा शेवटचे लढायचे आणि मग फाट्यावरची पिठाची गिरणी सांभाळायची, असे त्याने ठरवले होते. गिरणीत त्याने मला भिंतीवरचे फोटो दाखवले. नऊ होते. नऊच्या नऊ फोटोंत तो फेटा बांधून, गळ्यात हार घालून उभा होता.

“ह्यात मी नवरदेव दिसून राह्यलो, साहेब,” तो म्हणाला. “पैलवान कुठं हाय? डाव मारतानाचा एक पाह्यजे. शेवटची कुस्ती हाय, मंग न्हाई जमायचं.”

मी काढतो म्हणालो.

जालन्यात कॅमेऱ्याचे सामान एकाच दुकानात बरे मिळे. दुकानदाराचे घराणे राजस्थानातून येऊन तीन पिढ्या झाल्या होत्या. त्याच्याकडे तेव्हा माझ्या कॅमेऱ्याला बसतील अशा दोन लेन्स होत्या. एक नवी, ७५ ते ३०० मिलिमीटरची, हलकी. पूर्ण लांब केली की तिचे तोंड ५.६ पर्यंतच उघडे. दुसरी वापरलेली, ८० ते २०० ची. ती कुठेही २.८ पर्यंत उघडे, म्हणजे तिच्यातून चौपट उजेड आत येई. वजन मात्र सव्वा किलोच्या पुढे. एक नवी आणि एक जुनी असल्याने किंमत जवळपास सारखीच पडत होती.

शेठनी जड लेन्स हातात तोलून पाहिली. “भाऊ, हिला घेऊन यष्टीत बसाल तर कंडक्टर हिचं अर्धं तिकीट मागंल. बिलकुल विचार करून घ्या.” मग दोन्ही लेन्स एका रविवारी वापरून पाहायला दिल्या. ही त्यांची रीत होती. विकलेला माल दुकानात परत आलेला त्यांना आवडत नसे.

त्या रविवारी एमआयडीसीत सळ्या बनवणाऱ्या री-रोलिंग मिलच्या कामगारांचे कबड्डीचे सामने होते. दुपारी बारा ते तीन, डोक्यावर ऊन. मी अर्धा रोल एका लेन्सवर आणि अर्धा दुसरीवर काढला. ३०० वर चढाई करणाऱ्याच्या कपाळावरचा घाम दिसत होता. २०० वर माणूस तितकाच स्पष्ट होता, पण लहान. जड लेन्सने तासाभरात मनगट दुखले. हलकी लेन्स घेऊन मी मांडवात, खुर्चीवर बसूनसुद्धा काम करू शकलो. उजेडाचा प्रश्न मनात आला नाही, कारण उजेड भरपूर होता. सोमवारी मी जड लेन्स परत केली आणि हलकी ठेवली. पावती फाडताना शेठनी एकदाच विचारले, संध्याकाळचे काही काम असते का. मी नाही म्हणालो.

तीर्थपुरीचा फड दुपारी दोनला सुरू झाला. आधी रेवड्यांवरच्या आणि नारळावरच्या लहान कुस्त्या, मग गावोगावच्या जोड्या. मी व्यासपीठाच्या कडेला, आखाड्यापासून पन्नासेक फुटांवर होतो. चारपर्यंत दोन रोल झाले आणि त्यांतले बरेच फोटो चांगले आले असणार याची खात्री होती.

पैलवानाची कुस्ती मानाची, म्हणून शेवटची होती. पाच वाजले. मग पाहुण्यांना फेटे बांधणे सुरू झाले. फेट्यांनंतर भाषणे, आणि भाषणांनंतर उशिरा आलेल्या पाहुण्यांना पुन्हा फेटे. यात कोणाचा गलथानपणा नव्हता. मानाची कुस्ती लवकर लावली की लोक उठून जातात आणि राहिलेल्या जोड्यांना कोणी बघत नाही, म्हणून पंच ती मुद्दाम मागे ठेवतात. त्याच पंचांचा आणखी एक नियम होता: फ्लॅश उडवायचा नाही, पैलवानाच्या डोळ्यांपुढे अंधारी येते.

जोड आखाड्यात उतरली तेव्हा सूर्य मावळला होता. फिल्म चारशेची. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा काटा ३०० वर एक तीसांश सेकंद दाखवत होता. हातात धरलेल्या लांब लेन्सने या वेगावर उभा माणूससुद्धा हलतो. झूम मागे घेतली तरी एक साठांशाच्या वर काटा गेला नाही. माणसे फारच लहान दिसू लागली, म्हणून मी पुन्हा ३०० वर आलो. कुस्ती सहा-सात मिनिटे चालली. शेवटी त्याने समोरच्याचा हात खांद्यावर ओढून धोबीपछाड मारला. मी बटण दाबले, किंचित उशिरा. चितपट झाली. लोक आखाड्यात घुसले, त्याला खांद्यावर घेतले, फेटा बांधला. फेट्यातल्या फोटोसाठी व्यासपीठावरचे दिवे होते.

फिल्म धुतल्यावर तो एक फोटो जसा यायचा तसाच आला. मातीवर दोन पांढुरके पट्टे, एकात एक मिसळलेले. दैनिकाने फेट्यातला छापला.

बातमी कात्रणांच्या वहीत चिकटवताना मी मागची पाने उलटली. तीर्थपुरीच्या कुस्त्यांच्या आठ वर्षांच्या आठ बातम्या होत्या. आठही बातम्यांच्या शेवटच्या परिच्छेदात एकच वाक्य होते: ‘दिवस मावळता मावळता मानाची कुस्ती लागली.’ वाक्य माझेच होते. लेन्स निवडताना ते मला आठवले नव्हते.

गिरणीवर जाऊन मी पैलवानाला फोटो दाखवला आणि चूक कशी झाली ते सांगितले. त्याने फोटो उजेडाकडे धरला.

“ह्यात मी कोनचा?”

भरपाई म्हणून मी सुचवले की दोघांनी एकदा सकाळी तालमीत यावे, तोच डाव पुन्हा मारावा, मी जवळून काढतो. दैनिकाला देणार नाही, फक्त त्याच्यासाठी.

“त्याला परत पाडायचं म्हंजे त्यानं पडू द्यावं लागंल,” तो म्हणाला. “तसला फोटो नको.”

शेठनी विकलेली लेन्स परत घेतली. त्यांच्या दुकानात हे पहिल्यांदाच होत असल्याचे त्यांनी मला दोनदा ऐकवले. जड लेन्स अजून कपाटातच होती. त्यांनी ती पिशवीत घालून दिली आणि अर्ध्या तिकिटाची आठवण केली.

पुढच्या वर्षी तीर्थपुरीला मी व्यासपीठ सोडून दोरीलगत जमिनीवर बसलो. पैलवान आता पंच होता. मानाची कुस्ती नेहमीच्याच वेळी लागली. २.८ वर काटा सेकंदाच्या एकशेपंचविसाव्या भागावर थांबला. हा वेग कुस्तीला कमीच, पण डावात उचललेले अंग वर गेल्यावर क्षणभर थांबते, तेवढे पकडता येते. मी ते पकडले. वर उचललेला मल्ल, खालच्याच्या मानेची शीर आणि बाजूला गुडघ्यावर बसून मातीकडे बघणारा पंच, सगळे स्पष्ट आले. दैनिकाने पहिल्या पानावर तीन कॉलम छापला. खाली ओळ होती: ‘चितपट!’

मोठी प्रत घेऊन मी गिरणीवर गेलो. त्याने ती बराच वेळ पाहिली. फोटो झकास असल्याचे सांगितले, स्वतःचे केस पांढरे झालेत म्हणाला. मग ओळीवर बोट ठेवले.

“पन हे चितपटच्या आधीचं हाय, साहेब. खांदा अजून वरच हाय.”

ते बरोबर होते. टेकण्याचा क्षण या लेन्सलाही स्पष्ट मिळाला नसता.

त्याने पिठाच्या डब्यामागून गेल्या वर्षीचा फोटो काढला. मी तो परत न्यायला विसरलो होतो. त्याच्या कडा पिठाने पांढऱ्या झाल्या होत्या. दोन पट्टे जिथे मातीला मिळत होते तिथे त्याने नख टेकवले.

“हितं टेकला,” तो म्हणाला.

मोठी प्रत त्याने मला परत दिली. ती ज्या गड्याने कुस्ती मारली त्याला पोचती करा, म्हणाला. मग नवरदेवांच्या रांगेतला एक फोटो खिळ्यावरून उतरवला आणि त्या जागी पट्ट्यांचा फोटो लावला.