दाजींच्या मागची रांग

ताईला रक्ताची गरज होती तेव्हा दाजींनी सुईच्या भीतीनं हात पुढे केला नाही. ताई गेली. रक्त पिणाऱ्या नायकाच्या प्रेमाची एक कादंबरी तिच्या उशाशी असायची. वर्षभरानं त्यावरचा चित्रपट सांगलीत लागला, म्हणून मी एकटीच गेले. पुढच्याच रांगेत दाजी नव्या बायकोसोबत बसले होते. नायकानं नायिकेच्या गळ्याला दात लावले, तसे त्यांनी तोंड बाजूला वळवून डोळे मिटले.

मध्यंतरात मी पुढे वाकले. "आवं दाजी, भिताय कशाला? आता कोण मागतंय तुमचं रक्त?"

"आधी कुणी मागितलं होतं?" नव्या बायकोनं विचारलं.

दाजी पडद्यावरची टूथपेस्टची जाहिरात बघत राहिले.

"माझ्या ताईनं," मी म्हणाले.

मध्यंतरानंतर पुढच्या दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. मला पडदा स्वच्छ दिसला.