सुरतला असलेला माणूस

कबुली दिलेला माणूस मोकळा होतो, असं आमचे पास्टर म्हणतात. हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते जळगावच्या तुरुंगात. समोर सतरंजीवर बसलेल्यांपैकी बरेच जण कबुली देऊनच तिथं पोचले होते. तरीही त्यांनी माना डोलावल्या.

मी तुरुंगातल्या प्रार्थनेला जाऊ लागलो ते भक्तीमुळे नव्हे. पास्टरना स्कूटर चालवता येत नाही आणि निवृत्त मास्तराला नाही म्हणायला कारण सापडत नाही.

तिथं तो भेटला. बाजार समितीतला हमाल, पारोळ्याकडचा. पोती ओढायच्या लोखंडी आकड्याने त्याने दुसऱ्या हमालाचा दंड फाडला होता. घरचं कुणी भेटायला येत नसे, कारण गावात सांगितलं होतं की तो सुरतला कामाला आहे. खानदेशात ही एक सोय आहे. इतकी माणसं सुरतला असतात की आणखी एक गेला तरी कुणी चौकशी करत नाही. पास्टर मात्र दर आठवड्याला साबण आणि खोबरेल तेल घेऊन त्याच्यासमोर बसत. प्रवचन लांबे, पण ते येत, हे खरं.

सुटल्यावर पास्टरनी त्याला पिंप्राळ्यात, माझ्या घराजवळच्या पिठाच्या गिरणीत लावून दिलं. संध्याकाळी तो माझ्या ओट्यावर येऊन बसायचा, भुवयांवर पीठ तसंच. बोलणं एकाच विषयाचं, मुलीचं. तिची सोयरीक धरणगावला ठरली होती, साखरपुडा झाला होता. व्याह्यांनाही सुरतच सांगितलेली होती.

अशात पास्टरनी त्याला धुळ्याच्या मेळाव्यात साक्ष द्यायला सांगितलं. साक्ष म्हणजे देवाने आपल्याला कसं बदललं, ते चारचौघांत सांगणं.

"नाना, बठ्ठं सांगनं पडी का?" त्याने मला विचारलं. बठ्ठं म्हणजे सगळं, तुरुंगासकट.

"जाऊच नका. नाही म्हणा."

"त्यास्ले कसं नही म्हनू? मनी माय बी उनी नही, तवय त्या उनात."

आईसुद्धा आली नाही तेव्हा पास्टर आले होते, हे खरंच होतं. शिवाय धुळं लांब आहे, असं आम्हा दोघांनाही वाटलं.

साक्षीचा साचा ठरलेला असतो. आधी अंधार, मग प्रकाश. अंधार जितका दाट, तितका 'हालेलुया' मोठा. त्याच्याआधी बोललेल्या माणसाने दारूपायी घराचे पत्रे विकले होते, त्यामुळे मंडप तापलेला. हा उभा राहिला, म्हणाला, "मी चुकनू. आते काम करस." आणि खाली बसायला लागला. मंडपात कुणीतरी खोकलं.

"भाऊ, आधी काय होतात, ते सांगा ना," पास्टर प्रेमाने म्हणाले.

तो पुन्हा ताठ झाला. उभं करून विचारलं की कसं सांगायचं, हे तो कोर्टात शिकला होता. त्याने आधी पूर्ण नाव सांगितलं, मग बापाचं, मग गाव, तालुका. मग आकडा, रक्त, शिक्षा. हालेलुया मोठा झाला. पुढच्या रांगेतल्या पाच-सहा मोबाइलांनी तो टिपून घेतला.

आठवड्याभरात तो व्हिडिओ धरणगावला पोचला. धुळं वाटलं तितकं लांब नव्हतं.

पास्टर फार हळहळले. चूक सुधारायला स्वतः व्याह्यांकडे निघाले. पांढरा सदरा, हातात जाड बायबल, मागे दुसऱ्या स्कूटरवर चर्चमधली दोन माणसं. पहिली स्कूटर अर्थात माझी. ओसरीवर बसून त्यांनी मुलीचा बाप किती बदलला आहे ते सविस्तर सांगितलं. नवऱ्या मुलाचे आबा शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी आमच्याकडे बोट करून मुलाला विचारलं, "बाप जेलमां व्हता, ते समजनं. पन या कोन शेतस?"

आतापर्यंत त्यांना एकच शंका होती, तुरुंगाची; आता धर्माचीही आली. पास्टरनी डोळे मिटून त्या घरासाठी प्रार्थना केली. डोळे उघडले तेव्हा चहाचे कप उचललेले होते.

सोयरीक मोडली. ते त्याला ओट्यावर मीच सांगितलं. त्याने भुवयांवरचं पीठ पुसलं आणि "पोरले कोन सांगी?" एवढंच विचारलं. दुसऱ्या दिवशी तो गिरणीत आला नाही.

पास्टर अजून शनिवारी तुरुंगात जातात, मी अजून स्कूटर चालवतो. व्हिडिओखाली लोक अजून 'आमेन' लिहितात. मुलीला नवं स्थळ बघताहेत. बाप कुठे असतो, असं कुणी विचारलं तर त्याची आई सुरतला म्हणून सांगते.

या खेपेला ते खरं आहे. तिथं तो एका गोदामात कापडाचे गठ्ठे उचलतो. आकडा वापरू देत नाहीत. कापड फाटतं.