"हो, थोडासा"

काचेच्या नळकांड्यात दादा उताणा पडलेला असतो. आत दाबाने प्राणवायू भरतात. त्या उपचाराने पक्षाघातात गेलेला उजवा हात परत हलेल, असं डॉक्टरांनी सांगितलंय. आज दादाने आतून हात उचलला. "बघा ताई, हलला हात!" तिथला माणूस हरखून म्हणाला. तो डावा होता. डाव्याला कधी काही झालंच नव्हतं.

डॉक्टर रोज विचारतात, "फरक वाटतो ना?" आणि मी रोज म्हणते, "हो, थोडासा." पाहुण्याघरची आमटी खारट लागली तरी आपण "छान झालीय" म्हणतो, तसंच. समोरच्याला तोंडावर नाही म्हणू नये, हे आपले संस्कार. त्यात कुणाचं काय जातं?

आज एक बाई लुळ्या नवऱ्याची चाकाची खुर्ची धरून शेजारी उभी होती. माझं उत्तर ऐकून तिचा चेहरा उजळला. "डॉक्टर, ह्यांचंही नाव घाला. ह्या ताईंच्या भावाला फरक पडलाय."

काचेतून दादा माझ्याकडे बघत होता. त्याची वाचा गेलीय. तिला खरं सांगू शकेल अशी तिथे मी एकटीच होते. मी बाकावर जरा सरकले आणि एवढंच म्हटलं, "बसा ना."