उजव्या पंखावरची टाचणी

भुंगेऱ्याला टाचणी कशी टोचायची ते मला त्या मुलीनं शिकवलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी तिच्यावर किती जळत होते तेच येणार आहे.

ग्वाल्हेरच्या कॉलेजातल्या मॅडम वाळवंटातले किडे गोळा करायला जैसलमेरकडे निघाल्या, तेव्हा स्वयंपाकाला म्हणून मी सोबत आले. शाळा नववीतच सुटलेली, घर सोडून कधी कुठे राहिले नव्हते. ती मुलगी मॅडमची विद्यार्थिनी, ग्वाल्हेरातल्या सिटी सेंटरच्या बंगलेवाल्या वस्तीतली, एम.एस्सी.ची. वाळूत पुरलेल्या पेल्यांत रात्री पडलेले भुंगेरे त्या दोघी सकाळी वेचून आणायच्या आणि दुपारी तंबूत टाचण्यांवर लावायच्या. मॅडम तिला 'बेटा' म्हणायच्या. मला 'बाई'.

मला त्या टेबलापाशी बसायचं होतं. एकदा विचारलं, तर मॅडम म्हणाल्या, कणीक मळणारा हात जड असतो, भुंगेऱ्यांचे पाय तुटतील. त्या मुलीला साधी पोळी लाटता येत नव्हती, आणि मी पोळ्या करपवत तिच्या बोटांकडे बघत राहायचे.

ते तिच्या लक्षात आलं असावं. मॅडम जरा आडव्या झाल्या की ती मला बोलवायची, मोडके भुंगेरे पुढे ठेवायची. टाचणी मधोमध नाही, उजव्या पंखावर. ओळख पटायला डावी बाजू धड राहिली पाहिजे. हात बसत गेला तशी ती चांगलेही लावायला देऊ लागली, आणि माझा जळफळाट वाढला. हेही तिनंच दिलेलं ना!

एका दुपारी घाईत मी एक चांगला, एकुलता एक मिळालेला भुंगेरा बरोबर मधोमध टोचला, तसबिरीचा खिळा ठोकावा तसा. मॅडम मागेच उभ्या. ये किसने किया, म्हणाल्या. मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "मी, मॅडम."

मॅडम हसल्या. "थकलीस तू, बेटा. चहा घे."

चहा करायला अर्थात मीच उठले. ती स्टोव्हपाशी आली, तेव्हा तुला कोणी मध्ये पडायला सांगितलं होतं, असं मी फटकन विचारलं.

"ताई, माझी चूक चालून जाते," ती म्हणाली. "तुमची नसती चालली."

खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं.

दुसऱ्या दिवशी तिनं मॅडमना सांगितलं की ट्रेमधले बाकीचे बाईंनी लावलेत. मॅडमनी एकेकाचे पाय तपासले आणि मला खुर्ची दिली. आता ती परीक्षेसाठी परत गेलीय, तिच्या जागेवर मी बसते. फोनवर मॅडम तिला अजून बेटा म्हणतात, आणि माझा हात थांबतो.

एक दिवस तिची एखादी चूक मी माझ्या अंगावर घेईन. मला कोणी हसून सोडून देणार नाही, तरी घेईन.