आखाडातली मासवडी

सुकं खोबरं तव्यावर तांबूस व्हायला लागलं, की मला मोशीतली आमची चूल आठवते. पन्नासच्या दशकातली गोष्ट. वडिलांनी तुळशीची माळ घातली आणि घरातलं मटण बंद झालं, कारण माळकऱ्याच्या चुलीवर ते शिजत नाही. मग आखाड आला. श्रावण लागायच्या आत गावात घरोघरी मटणाचे रस्से उकळत होते, आणि नदीकडचा वारा तो वास थेट आमच्या पडवीत आणून सोडत होता. संध्याकाळी आईनं निखाऱ्यात कांदे भाजले, खोबऱ्याबरोबर पाट्यावर काळंभोर वाटण वाटून मटणाचा असतो तसाच रस्सा केला, बेसन शिजवून थापलं आणि आत तीळ-खोबऱ्याचं सारण भरून मासवड्या वळल्या. वडील पिंपरीच्या कारखान्यातून सायकलवर आले, हातपाय धुऊन ताटावर बसले. रस्स्याचा वास आला तसा त्यांनी हात मागं घेतला. "मटाण केलंस व्हय?" त्यांची बोटं गळ्यातल्या माळेवर गेली होती. आईनं एक मासवडी मोडून त्यांना आतले तीळ दाखवले. "न्हाई. पर माळ तुमी घातली, तवा माझ्या जिभंला कुणी इचारलं व्हतं का?" वडिलांनी रस्स्यात भाकरी चुरली आणि ते जेवले. थोड्या वेळानं वाटी पुढं करून हळूच म्हणाले, "वाढ अजून. आन् तूबी बस." आता आखाडात माझ्याकडंही मासवडीच होते. नातवंडं म्हणतात, ही पणजोबांच्या माळेची रीत. मी म्हणते, रीत पणजीच्या जिभेची.